तुमचं गाव मोगलाईत होतं की इंग्रजीत? जुने नकाशे आणि ग्रंथालयातली पुस्तकं वापरून शोधायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं गाव आज बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, नगर जिल्ह्याच्या हद्दीला लागून. आजोबा सांगायचे, "आपलं गाव इंग्रजीत होतं, ओढ्यापलीकडचं मोगलाईत." मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, इंग्रजी म्हणजे इंग्रजांचा. शाळेच्या पुस्तकात मात्र अख्खा मराठवाडा निजामाचा. खरं काय? आणि राज्याच्या इतिहासात आपल्या गावाची जागा ठरवायची, तर ग्रंथालयातली पुस्तकं आणि जुने नकाशे कोणत्या क्रमाने बघायचे?

आधी निकालाचं बोलतो. आजोबांचं म्हणणं सहज खरं असू शकतं. नगर जिल्ह्याचा आग्नेय कोपरा, म्हणजे जामखेडचा भाग, इंग्रजी अमलात एकसंध नव्हताच. इंग्रजी गावांचे पुंजके निजामाच्या मुलखात आणि निजामाची गावं इंग्रजी मुलखात अशी सरमिसळ होती. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचीही तीच गत, तिला बऱ्याच बाजूंनी मोगलाईचा वेढा. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तेव्हा कंपनीच्या हाती पेशव्यांचा मुलूख आला. पण त्याच टापूत निजामाची गावं होती, श्रीगोंदा-जामगावकडे शिंद्यांची होती, आणि काही गावांचा वसूल दोघांत वाटला जायचा. १८२२ साली कंपनी आणि निजाम यांच्यात तह होऊन मुलखाची अदलाबदल झाली, तरी तुकडे उरलेच. ते पुढे सव्वाशे वर्षं राहिले. १९५० च्या जानेवारीत, संविधान अमलात यायच्या तोंडावर, प्रांत आणि संस्थानं यांच्यातले असे अडकलेले तुकडे शेजारच्या राज्यात मिळवून टाकण्याचा केंद्राचा आदेश निघाला. तेव्हा मुंबई आणि हैदराबाद यांच्यात गावांची देवघेव झाली. तुमचं गाव त्यातलं आहे का, हे सिद्ध करायचंय.

अशा कामात बहुतेक जण पहिल्याच पावलाला अडतात, कारण ते आजच्या जिल्ह्याचं नाव घेऊन ग्रंथालयात जातात. "बीड जिल्ह्याचा इतिहास द्या" म्हटलं की ग्रंथपाल बीडचं कपाट दाखवतो, आणि तुमच्या गावाचे इंग्रजी अमलातले कागद नगरच्या कपाटात असतात. म्हणून शोध जिल्ह्यावरून सुरू करायचा नाही. तो "कोणत्या वर्षी कोणाचा अंमल" यावरून करायचा. एका कागदावर वर्षं उभी लिहा: १७९५, १८१८, १८२२, १८५३, १८८४, १९०३, १९४८, १९५०, १९५६, १९६०. यातली १८५३ आणि १९०३ वऱ्हाडवाल्यांसाठी. निजामाने वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांकडे लावून दिलं आणि १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, त्यामुळे अकोला-अमरावतीकरांचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले. तुम्हाला ती दोन वर्षं लागणार नाहीत. उरलेल्या प्रत्येक वर्षापुढे गाव कोणाकडे होतं हे भरत जायचं, आणि भरलेल्या प्रत्येक खान्याला एक पुस्तक आणि एक नकाशा असे दोन स्वतंत्र आधार हवेत. एकावर भागवू नका. पुस्तक गावाचं नाव देतं पण जागा दाखवत नाही. नकाशा जागा दाखवतो पण त्या जागेवर कोणाचा हुकूम चालायचा हे बऱ्याचदा सांगत नाही.

पुस्तकांत पहिलं नाव अर्थातच कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचं. नगरचा खंड सतरावा, १८८४ चा. सोलापूरचा विसावा, तोही १८८४ चा. लोक हा खंड उघडतात आणि थेट इतिहासाच्या प्रकरणाकडे, नाहीतर शेवटच्या स्थळवर्णनाकडे धावतात. तिथे निजामशाही, चांदबिबी, किल्ले, देवळं मिळतात, आणि ती दुसरीकडेही मिळतात. गावाचा शोध घेणाऱ्याने वाचायची प्रकरणं दोन: जमीन-महसुलाचं आणि उपविभागांचं. महसुलाच्या प्रकरणात कोणता परगणा कधी कोणाकडून आला, पहिली मोजणी कधी, दर किती, दुष्काळात किती सूट, हे तालुकावार येतं. उपविभागांच्या प्रकरणात प्रत्येक तालुक्याच्या चतुःसीमा, क्षेत्रफळ, माती, पाणी, बाजार दिलेले असतात. जामखेडचा मजकूर वाचताना निजामाच्या गावांचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीने वहीत पान क्रमांक टिपा. वहीत म्हटलं, पुस्तकात नाही! हा गुंता त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही डोकेदुखी होता, त्यामुळे त्यांनी तो लपवलेला नाही.

याच्या जोडीला एक मालिका आहे, तिच्याकडे फार कमी जण वळतात. मुंबई सरकारच्या दप्तरातल्या निवडक कागदांची ती छापील मालिका, "न्यू सीरिज" म्हणजे नवी मालिका म्हणून ओळखली जाणारी. मोजणी आणि आकारणीचे तालुकावार अहवाल तिच्यात छापले आहेत. मुंबई इलाख्यातली जमाबंदी ३० वर्षांच्या मुदतीने व्हायची, म्हणून एका तालुक्याचे दोन अहवाल मिळाले तर मधल्या ३० वर्षांत काय बदललं हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. अहवालाच्या शेवटी गावांची यादी असते, गट पाडलेली: अमुक गावं पहिल्या दराची, अमुक दुसऱ्या, बाजार इतक्या कोसांवर. त्या यादीत तुमच्या गावाचं नाव आलं, तर गाव त्या साली इंग्रजी खालशात, म्हणजे थेट सरकारी महसुलात होतं याचा इतका चांगला छापील पुरावा दुसरा नाही. नाव नसलं तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. गाव इनाम असेल, किंवा दुसऱ्या पेट्यात, म्हणजे तालुक्याच्या पोटविभागात धरलेलं असेल.

निजामाच्या बाजूची पुस्तकं त्या मानाने तोकडी. औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ साली मुंबईत छापलं गेलं, पण बीडच्या वाट्याला तसा खंड त्या काळात आला नाही. बीडचं पहिलं सविस्तर गॅझेटियर महाराष्ट्र शासनाचं, १९६९ चं. त्याआधीचं हवं तर भारताच्या इंपिरियल गॅझेटियरच्या प्रांतवार मालिकेतला हैदराबाद संस्थानाचा खंड, १९०९ चा. त्यात बीडला मोजकीच पानं आहेत, पण आष्टी आणि पाटोदा तालुके कसे होते, खालसा किती आणि जहागिरी किती हे त्यातून कळतं. हे शेवटचं महत्त्वाचं. मोगलाईतलं प्रत्येक गाव थेट दिवाणी कारभारात नव्हतं. काही निजामाच्या खाजगीतली, म्हणजे सर्फेखासची, काही पायगा म्हणवणाऱ्या बड्या सरदार घराण्यांची, काही जहागीरदारांची. जहागिरीच्या गावाचे कागद सरकारी दप्तरात विरळ असतात. शोध कुठे थांबणार आहे याचा अंदाज आधीच आलेला बरा.

आता नावांचा घोळ. सूचीत बीड हे भीर म्हणून असतं, अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून. खर्डा तर इंग्रजी लेखकांनी "कुर्डला" करून ठेवलाय. १७९५ ची मराठे-निजाम लढाई शोधणाऱ्या कित्येकांना ती त्यामुळे सापडतच नाही. एक चिठ्ठी करून गावाच्या रोमन स्पेलिंगचे सुचतील तितके प्रकार लिहा, ख-क, ड-र, ठ-ट यांची अदलाबदल करत, आणि सूची पाहताना ती समोर ठेवा. आता तर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव ही नवी नावंही आलीत. नवी पुस्तकं नव्या नावाखाली, जुनी जुन्या. संगणकावरच्या सूचीत दोन्ही टाकून बघा. आणि आष्टीबद्दल खास सावध राहा. १८१८ साली बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यात, मोहोळकडे. १९४२ च्या आंदोलनातली आष्टी वर्धा जिल्ह्यात. तुमची तिसरी. इंटरनेटवरच्या लेखांत या तिन्ही आष्ट्यांची खिचडी झालेली मी पाहिलीय, आणि एकाने लिहिलं की दहा जण तेच उतरवतात.

नकाशांकडे येऊ. नकाशा हातात आला की गाव शोधू नका. आधी समास वाचा. चारही कडा, वरचं शीर्षक, खालचा बारीक मजकूर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीटवर दोन वेगळ्या तारखा सापडतात: पाहणी कधीची आणि छपाई कधीची. तुमच्या कामाची तारीख पाहणीची. छपाई १९३० ची असली तरी आतली माहिती त्याच्या कितीतरी आधीची असू शकते, आणि मधे नुसते रस्ते-रूळ दुरुस्त केलेले असतात. मोबाईलने फोटो काढणारे लोक गावाचा तेवढा तुकडा टिपतात आणि समास सोडतात. घरी गेल्यावर तो फोटो निकामी. कोणत्या सालचा, कोणत्या मापाचा, काही सांगता येत नाही. पहिला फोटो शीर्षकाचा, दुसरा खुणांच्या तक्त्याचा, तिसरा मापपट्टीचा, मग गाव.

शीट ओळखायची रीत सोपी आहे. देशाचे चार अंशी चौकोन पाडून त्यांना आकडे दिलेत. आपला बहुतेक पश्चिम महाराष्ट्र ४७ मध्ये येतो. त्याचे एकेक अंशाचे १६ तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली जाणारे. आष्टी, पाटोदा, जामखेड हा सगळा टापू ४७ एन मध्ये पडतो. त्याचे पुन्हा १६ भाग म्हणजे इंचाला मैल मापाची जुनी शीटं. मेट्रिक पद्धत आल्यावर तीच १:५०,००० झाली. म्हणजे ग्रंथालयात "जामखेडचा नकाशा" मागण्याऐवजी "४७ एन ची जी काही शीटं असतील ती, सगळ्या आवृत्त्या" असं मागा. त्याच शीटची जुनी आणि नवी आवृत्ती मिळाली तर दिवस सत्कारणी लागला म्हणायचा. त्याही आधीची, इंचाला चार मैल मापाची इंडियन अॅटलासची शीटं आहेत. ती मालिका १८२७ पासून निघू लागली. कोरीव छपाई इतकी नाजूक की भिंग हवंच, पण गावांची गर्दी कमी असते, त्यामुळे लहान वाडी सापडेलच असं नाही.

या सगळ्या नकाशांचा पाया म्हणजे लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासेपासून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी. लॅम्बटन १८२३ साली काम करता करताच आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथे आहे. वर्ध्याकडे गेलात तर बघून या.

नकाशा कोणत्या काळचा हे समासावरून कळलं नाही तर आतल्या खुणा कामी येतात. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ ची. नगरच्या बाजूला रूळ नसतील तर पाहणी त्याआधीची. बार्शीची छोटी लाईन १८९७ साली सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. त्यामुळे बार्शीपर्यंत लाईन आणि पुढे काही नाही असा नकाशा या दोन सालांच्या मधला, निदान त्यावरची रेल्वेची दुरुस्ती तरी तेव्हाची. उजनीचं पाणी जिथे आज पसरलंय तिथे गावं दिसली तर नकाशा १९८० च्या आधीचा. अशा दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या की काळ पुरेसा बांधला जातो.

आणि आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. गॅझेटियरच्या खंडाला जोडलेला जिल्ह्याचा नकाशा किंवा मोजणी खात्याचा जुना तालुका नकाशा उघडलात की जामखेडच्या भागात मधेच कोरी ठिगळं दिसतील. हद्दीची रेघ वळसे घेत जाते आणि आत काही नाही, ना गाव, ना ओढा. नवख्या माणसाला वाटतं तिथे माळ असेल. तिथे गावं होती, माणसं होती. नकाशा करणाऱ्या खात्याचा अंमल तिथे नव्हता, म्हणून त्याने ते रंगवलं नाही. ही कोरी ठिगळं तुमच्यासाठी सगळ्यात बोलकी. पारदर्शक कागदावर त्यांची कड उतरवून घ्या आणि तो कागद आजच्या तालुका नकाशावर मापात बसवा. तुमचं गाव ठिगळात पडलं तर मोगलाई, ठिगळाबाहेर पण इंग्रजी हद्दीच्या आत पडलं तर इंग्रजी. उलट, इंग्रजी गाव निजामाच्या पोटात असेल तर मुख्य जिल्ह्यापासून सुटलेला एक ठिपका दिसेल, भोवती स्वतःची हद्द घेऊन. कोरी जागा म्हणजे ओसाड जागा असं धरून लिहिलेले स्थानिक इतिहास मी वाचले आहेत. लेखकाने मोगलाईच्या बाजूचा एकही नकाशा उघडलेला नसतो, दुसरं काही कारण नाही.

संगणकावर बसवायचं असेल तर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. जुन्या शीटची प्रतिमा घ्यायची, तिच्यावरचे ठरावीक बिंदू आजच्या उपग्रह-चित्रावर दाखवायचे, बाकीचं ते ओढून ताणून बसवतं. बिंदू निवडणं हीच यातली कला. दोन ओढ्यांचा संगम, डोंगराची सोंड, शीटवर त्रिकोणाने दाखवलेली मोजणीची ठाणी, जुनं दगडी देऊळ: हे बिंदू टिकतात. रस्त्यांचा चौक घेऊ नका, रस्ते सरकतात. गावाचा मध्य तर मुळीच नको, कारण गावंही सरकतात. पटकी, पूर, दरोडे, काहीही कारण होऊन पांढरी, म्हणजे गावठाण उठते आणि अर्ध्या कोसावर नवी वसते. जुन्या शीटवर उठलेल्या गावठाणाला वेगळी खूण असते. त्या जागेला आजही लोक "पांढरीचं रान" म्हणतात का ते गावात विचारा, नांगराला खापरं लागतात का तेही विचारा. एक तांत्रिक गोष्ट: जुन्या शीटांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या सर्वेक्षकाने मांडलेल्या पृथ्वीच्या आकाराच्या गणितावर बेतलेले आहेत, आजच्या मोबाईलचे डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक गणितावर. आकडे जसेच्या तसे टाकलेत तर अख्खा नकाशा एका अंगाला सरकलेला दिसेल आणि ओढ्याअलीकडचं गाव पलीकडे जाईल. तुमच्या प्रकरणात तर ओढा हीच हद्द! तेव्हा आकड्यांवर विसंबू नका, जमिनीवरच्या खुणांवर बसवा.

शीटवरचे रंगही वाचता यायला हवेत. निळ्याने दाखवलेला प्रवाह बारमाही, काळ्या रेघांचा कोरडा. आपल्याकडचे बहुतेक ओढे काळे. तपकिरी रेघा उंचीच्या, पिवळं ते लागवडीचं.

याहून बारीक काम गाव नकाशावर होतं. इंग्रजी गावांची मोजणी १८३० च्या दशकापासून विंगेट-गोल्डस्मिड पद्धतीने झाली, साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आपण आजही तोच वापरतो. हैदराबाद संस्थानाने मोजणीची पद्धत बरीचशी मुंबईचीच उचलली, पण उशिरा, निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केल्यानंतरच्या काळात. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे मूळ मोजणीचे कागद वेगळ्या सालांचे, वेगळ्या नावांचे आणि वेगळ्या लिपीतले असतात. भूमी अभिलेख कार्यालयात तुमच्या गावाचे जुने कागद काय नावाने निघतात ते विचारा. मराठवाड्यातल्या गावाला सेतवार आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक मिळतं. मुंबई इलाख्यातल्या गावाला टिपणं, सूड, कडईपत्रक. सेतवारच नाही आणि सुडाची पानं नगरकडे दाखवतात असं उत्तर आलं, तर आजोबा जिंकत आले म्हणून समजा.

ग्रंथालयात जायच्या आधी घरातली ट्रंक उघडा हे मी आधीच सांगायला हवं होतं खरं तर. जुनं खरेदीखत, गहाणखत, पावती, काहीही. मजकूर लागला नाही तरी तीन गोष्टी बघा. पहिली, नाणं: "रुपये हाली" की "रुपये कलदार"? हाली सिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा, सहा कलदारला साधारण सात हाली असा भाव. फक्त यावर विसंबू नका, कारण सीमेवरच्या बाजारात दोन्ही चालायचे, पण सारा कोणत्या नाण्यात भरला ते निर्णायक. दुसरी, साल: निजामी कागदावर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. शक असेल तर ७८ मिळवा, आणि पेशवाईतला सुहूर सन असेल तर ५९९. वर्ष मधेच पालटतं म्हणून एखाद्या वर्षाचा फरक सोडून द्या. तिसरी, स्टँप: कागदाच्या माथ्यावरचा शिक्का कोणत्या सरकारचा. एका जुन्या सावकारी पावतीवरून गावाची राजवट ठरते आणि मग कोणत्या कपाटाकडे जायचं ते कळतं. घरातली म्हातारी माणसं करोडगिरीच्या नाक्याबद्दल काही सांगतात का तेही टिपून घ्या. निजामाच्या जकातीला करोडगिरी म्हणत, आणि नाका असतो तिथेच हद्द असते. नाक्याची जागा माहीत असेल तर नकाशावर ठिपका द्या.

हा खटाटोप कुटुंबाच्या हौसेपुरता नाही. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाची शिबिरं नगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीवर का उभी राहिली, रझाकारांच्या भीतीने उठलेली गावं कुठे आसऱ्याला गेली, हे या तुकड्यांच्या नकाशावाचून समजत नाही. निजामाच्या मुलखात घुसलेलं इंग्रजी गाव म्हणजे, १५ ऑगस्ट १९४७ नंतर, संस्थानाच्या पोटातला स्वतंत्र भारताचा तुकडा. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. मधल्या तेरा महिन्यांत अशा गावांत काय घडलं याच्यावर फार थोडं लिहिलं गेलंय. तुमचं गाव त्या प्रकारातलं निघालं तर या महिन्यांवर जोर द्या, आणि मौखिक साक्षी आधी घ्या. पुस्तकं थांबतील, माणसं थांबणार नाहीत.

१९५० चा बदल पक्का करायला जनगणना उत्तम. १९५१ च्या जिल्हा पुस्तिका बघा, नगरची मुंबई राज्याच्या मालिकेतली आणि बीडची हैदराबादच्या मालिकेतली, दोन्ही. मागच्या जनगणनेशी तुलना करता यावी म्हणून हद्दीतल्या बदलांची नोंद जनगणनावाले करतात. मग १९६१ ची बीडची पुस्तिका. ती महाराष्ट्राची, तालुक्यांचे नकाशे आणि गाववार तपशील असलेली. मधे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबईत आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याने तुमच्या गावाचा जिल्हा बदलला नाही, फक्त वरचं राज्य बदललं. खरा बदल १९५० चा. आदेशाचं मूळ परिशिष्ट त्या काळच्या राजपत्रात सापडतं, आणि राजपत्राचे बांधीव खंड मोठ्या ग्रंथालयांत असतात.

कुठे जायचं? पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय पहिलं. गॅझेटियर, जनगणना, महसुली अहवाल यांचा तिथला साठा मोठा आहे आणि बराच संगणकावर घरबसल्या वाचता येतो. पण एक सावधगिरी. स्कॅन केलेल्या पुस्तकांत घडीचे नकाशे अनेकदा उलगडलेले नसतात, घडी घातलेल्या अवस्थेतच त्यांचा फोटो निघतो. पुनर्मुद्रणांतही नकाशा वेगळा किंवा गायब असतो. मजकूर पडद्यावर वाचा, नकाशासाठी मूळ प्रत मागा. तीही आधी तपासा. एका ग्रंथालयातल्या प्रतीतून कोणा महाभागाने ब्लेडने नकाशा कापून नेलेला मी पाहिलाय, शिवणीपाशी नुसती कड उरलेली. मग दुसऱ्या गावची प्रत शोधावी लागते. मुंबईत एशियाटिक सोसायटी, तिच्या ग्रंथसंजीवनी या संकेतस्थळावरही पुष्कळ आहे. शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी-नवी गॅझेटियरं ऑनलाईन ठेवलीत. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० मापाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ते आपल्याच सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीटांवरून बेतलेले, कोणता भाग किती भरवशाचा याची छोटी आकृती समासात असते. पहिला अंदाज घ्यायला चांगले, पुरावा म्हणून दुय्यम. आजची शीटं सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात.

१८१८ च्या मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. तिथे जिल्हा-तालुका चालत नाही, प्रांत आणि परगणा लागतो. तो गॅझेटियरच्या महसूल प्रकरणातून आधी काढून न्या. मोडी येत नसेल तर शिका, नाहीतर वाचणारा सोबत घ्या. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड छापील आहेत, पण ते राजकारणाचे. गावचा वसूल त्यात शोधू नका. मराठेशाहीतले हाती काढलेले नकाशे तुरळक मिळतात. त्यांना माप नसतं, उत्तर दिशा वर असेलच असं नाही, डोंगर उभे काढलेले असतात. वाटा आणि ठाण्यांचा क्रम बघायला ते चांगले, हद्दीसाठी नाही.

इंग्रजी गॅझेटियरबद्दल एक शेवटची सूचना. त्यातले आकडे आणि हद्दी मी बऱ्यापैकी मानतो, कारण त्यांवर सरकारचा पैसा अवलंबून होता. लोकांबद्दलची, जातींबद्दलची वर्णनं मात्र साहेबाच्या चष्म्यातली, कोणाला चोर ठरवणारी, कोणाला आळशी. ती तुमच्या लेखात उतरवताना शंभरदा विचार करा. गावातली माणसं ते वाचणार आहेत.

सुरुवात म्हणून एवढं करा: ट्रंकेतल्या कागदांचे फोटो, ४७ एन ची दोन आवृत्त्यांची शीटं, नगरच्या खंडातली महसूल आणि उपविभागांची प्रकरणं, आणि १९५१ च्या दोन्ही पुस्तिका. एवढ्यावर १८८४ आणि १९५० हे दोन खाने भरायला हवेत. ते मोगलाईच्या बाजूने भरले गेले, तर पुढचे कागद हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात. ते फारसी-उर्दूतले असतील. जाण्याआधी तालुक्याचं नाव, फसली साल आणि गाव खालसा होतं की जहागिरीचं एवढं अर्जात लिहिता आलं पाहिजे.